जपानमधले फोटो: तोरीला वीस मिनिटं, गल्लीला अख्खी संध्याकाळ

जपानला निघालेला दर दुसरा माणूस मला फोटोंबद्दल विचारतो, आणि त्याआधी कुणीतरी त्याला दोन सल्ले देऊन ठेवलेले असतात. एक, "सकाळी लवकर जा." दोन, "टुरिस्ट जागा सोड, खरं जपान गल्ल्यांमध्ये आहे." पहिला सल्ला अर्धवट आहे. दुसरा बरोबर आहे, पण गल्लीत जाऊन नेमकं करायचं काय, हे कुणी सांगत नाही. मग माणूस गल्लीत जातो, बिचकत बिचकत पाठमोऱ्या लोकांचे शेकडो फोटो काढतो आणि परत येतो. माझ्या पहिल्या फेरीच्या चारशे फोटोंत ओळखू येतील असे सात चेहरे निघाले. त्यातले पाच पोस्टरवरचे होते.

पुढे कामानिमित्त जाणं होत राहिलं आणि हळूहळू गाडी रुळावर आली. बॅटऱ्या, कार्डं, प्लगचा अडॅप्टर वगैरे तुमचं तुम्ही बघा. बाकीचं सांगतो.

१. प्रसिद्ध जागा आधी उरकून टाका

"उरकून" हा शब्द मुद्दाम वापरलाय. त्या जागा वाईट नाहीत, पण तिथला प्रश्न फक्त वेळेचा असतो, आणि वेळ साधली की वीस मिनिटांत काम होतं.

क्योटोचं फुशिमी इनारी हे देवस्थान रात्रंदिवस उघडं असतं. सगळी गर्दी खालच्या पहिल्या तोरींच्या, म्हणजे देवळाच्या लाल कमानींच्या, बोगद्यात अडकते, कारण लोक तिथेच फोटो काढून मागे फिरतात. तुम्ही चढत राहा. योत्सुत्सुजी नावाच्या टप्प्याच्या पुढे भर दुपारीही मोकळ्या कमानी मिळतात. डोंगर जेमतेम २३३ मीटरचा आहे, सिंहगड चढणाऱ्याने त्याची भीती बाळगू नये. टोकियोच्या सेन्सोजीला पहाटे धावण्यापेक्षा रात्री नऊनंतर जा. देऊळ दिव्यांत न्हालेलं असतं, नाकामिसे गल्लीतली दुकानं बंद असतात आणि त्यांच्या शटरवरची चित्रं तेव्हाच दिसतात. क्योटोचं सोनेरी देऊळ, किन्काकुजी, नऊला उघडतं, तळ्याच्या काठावरून एकच फोटो निघतो आणि सगळ्यांचा तोच निघतो. काढा आणि चला.

"लवकर" म्हणजे किती लवकर, हे मात्र कुणी सांगत नाही. जूनमध्ये टोकियोत साडेचारच्या आतच सूर्य उगवतो. सातला पोचणारा माणूस अडीच तास उशिरा आलेला असतो. डिसेंबरात उलट, दुपारी साडेचारलाच मावळतो, आणि जेवण आटोपून निवांत निघालेल्यांच्या हाती अंधार येतो.

क्योटोच्या गिओन भागात गेइकोंच्या, म्हणजे तिथल्या गेशांच्या, मागे कॅमेरा घेऊन धावू नका. २०१९ पासून तिथल्या खासगी गल्ल्यांत फोटो काढल्यास १०,००० येन दंडाच्या पाट्या आहेत, आणि २०२४ मध्ये काही गल्ल्या पर्यटकांना बंदच झाल्या. त्याच वर्षी मे महिन्यात फुजिकावागुचिको गावानं लॉसनच्या दुकानामागे दिसणारा फुजी झाकायला अडीच मीटर उंच, वीस मीटर लांब काळी जाळी लावली होती. लोक रस्ता ओलांडताना गाड्या बघत नव्हते, शेजारच्यांच्या आवारात शिरत होते. ऑगस्टमध्ये जाळी उतरवली, पण गावाला ती लावावी लागली ती आपल्यासारख्यांमुळेच.

२. उतरायचं स्टेशन ठरवा

जिथे फास्ट गाड्या थांबत नाहीत, असं स्टेशन. एवढा एकच निकष. फुशिमी इनारीहून केइहान लाईननं ओसाकाच्या दिशेनं दोन-तीन स्टेशनं पुढे, फुजिनोमोरी किंवा सुमिझोमेला उतरलात, तरी गाव बदलल्यासारखं वाटतं. टोकियोत आराकावा ट्राम पकडा, मिनोवाबाशी ते वासेदा, वाटेत कुठेही उतरा. स्टेशनबाहेर बाजाराची गल्ली म्हणजे शोतेंगाई सापडली, की पाय तिथेच रोवा. वेळ दुपारी साडेतीन ते सहा. शाळा सुटलेल्या असतात, आयांच्या सायकलींच्या पुढच्या टोपल्यांतून कांद्याच्या लांब पाती बाहेर डोकावत असतात, आणि खाणावळींचे दिवे लागायला सुरुवात होते.

सकाळच हवी असेल तर साडेसहाला मोहल्ल्यातल्या बागेत जा. त्या वेळी रेडिओवर कवायत लागते, १९२८ पासून चालत आलेली, आणि आजी-आजोबा ठेक्यात हात फिरवत असतात.

३. कॅमेरा

७०-२०० ची लांब लेन्स घरी ठेवा. लांबून चोरून काढलेला फोटो चोरून काढल्यासारखाच दिसतो, आणि गल्लीच्या टोकाला भलीमोठी नळी रोखून उभा असलेला परदेशी माणूस कुणालाच आवडत नाही. २८ किंवा ३५ मिलिमीटरची लेन्स पुरे. फोनही चालेल, पण त्याचा आवाज चालू ठेवा. जपानमध्ये विकल्या जाणाऱ्या बहुतेक फोनचा शटरचा आवाज एरवी बंद करता येत नाही, तेव्हा आवाज न करणारा फोन तिथे उलट संशयाचा वाटतो.

एक तांत्रिक गोष्ट, जिच्यापायी माझी एक संध्याकाळ फुकट गेली. जपानमध्ये विजेच्या दोन वारंवारता आहेत: टोकियोकडे आपल्यासारखी ५० हर्ट्‌झ, क्योटो-ओसाकाकडे ६०. बाजारातल्या जुन्या ट्यूबलाइटखाली शटरचा वेग त्याच्याशी जुळला नाही की फोटोत पिवळे-हिरवे पट्टे येतात. टोकियोत १/५० किंवा १/१०० सेकंद, क्योटोत १/६० किंवा १/१२५. ट्रेनच्या कपाळावरच्या दिव्यांच्या पाटीचंही तसंच. १/५०० ला अर्धी अक्षरं गायब होतात.

४. उभं राहणं, विचारणं आणि नकार ओळखणं

इथेच माझी दोन वर्षं गेली.

आपल्याकडे कुठल्याही वाडीत कॅमेरा काढला, की मागून "काका, आमचा काढा ना" सुरू होतं. ती सवय घेऊन आपण जपानमध्ये जातो. तिथे कॅमेरा दिसला की माणूस मान वळवतो, नाहीतर वाकून बाजूनं निघून जातो. हा राग नसतो, तुमच्या फोटोत आपण अडथळा झालो असं त्याला वाटतं. म्हणून फिरत फिरत फोटो काढणं हा तिथे सगळ्यांत वाईट मार्ग. तुम्ही चालताय, तो चालतोय, आणि दोघांनाही पळ काढायचाय.

त्यापेक्षा जागा पकडा. मागची चौकट आधी ठरवा: दुकानाचा कापडी पडदा, शीतपेयांचं यंत्र, रेल्वेचं फाटक. कोपऱ्यात, कुणाच्या वाटेत न येता, कॅमेरा दिसेल असा हातात धरून उभे राहा. लपवू नका. पहिली दहा मिनिटं सगळे बघतात, विसाव्या मिनिटाला तुम्ही तिथले विजेचे खांब झालेले असता. फाटक मला सगळ्यांत आवडतं. घंटा वाजते, दांडा खाली येतो, आणि सायकलवाल्या, डबेवाल्या सगळ्या माणसांना अर्धा-पाऊण मिनिट स्थिर उभं राहावंच लागतं. कुणी पोझ देत नाही, सगळे समोर बघतात. हाती तेवढाच वेळ असतो, म्हणून फोकस आधीच लावून ठेवा.

दुकानदाराचा फोटो हवा असेल तर आधी काहीतरी विकत घ्या, आणि ते तिथेच उभं राहून संपवा. बऱ्याच बाजारांत चालता चालता खाल्लेलं आवडत नाही. तळलेले कोरोक्के बटाटेवड्याच्या नात्यातले वाटतात, पण आत बहुतेकदा खिमा असतो. शाकाहाऱ्यांनी तोफूच्या दुकानात जाऊन ग्लासभर सोयाचं दूध घ्यावं. मग कॅमेऱ्याकडे बोट दाखवून "शाशिन, ई देस् का?" एवढं पुरतं. फोटो चालेल का?

आता उत्तर. हे नीट वाचा, कारण मी ते चुकीचं वाचलं होतं.

क्योटोत एका तोफूच्या दुकानात एक आजी पाण्याच्या टाकीत हात घालून तोफूची पांढरी लादी तळव्यावर उचलत होत्या आणि तळव्यावरच सुरीनं कापत होत्या. मी विचारलं. त्या हसल्या, म्हणाल्या, "दाइजोबु देस्." शब्दकोशात याचा अर्थ "ठीक आहे". मी चार फोटो काढले, वाकून आभार मानले, खूश होऊन निघालो. रात्री हॉटेलवर फोटो मोठे करून बघितले तर चारही फोटोंत त्यांचा ओला तळवा चेहऱ्यासमोर हलत होता. १/६० ला तो धूसर पंख्यासारखा आला होता. त्या "नको" म्हणत होत्या, आणि मी समोर उभं राहून ते टिपत होतो.

"दाइजोबु" हे आपल्या "असू दे" सारखं आहे. चहा हवा असला तरी "असू दे", नको असला तरी "असू दे". शब्दावरून काही कळत नाही, हाताकडे बघा. तळवा नाकासमोर हलला, म्हणजे नको. दोन्ही हातांची फुली केली, म्हणजे अजिबात नको. "चोत्तो…" म्हणून वाक्य अर्धवट सोडलं, तर तेही नकोच. शब्दाचा अर्थ "थोडंसं" असला तरी थोडासा फोटो काढू नका. पाटीचं फोनवर भाषांतर करून "कृपया टाळावे" असं आलं, तर ती विनंती समजू नका, ती बंदी आहे. होकार असेल तर तो ओळखावा लागत नाही. "दोझो, दोझो", म्हणजे "काढा, काढा" म्हणत लोक केस सारखे करतात, नाहीतर दोन बोटं वर करतात.

नकार आला की कॅमेरा खाली, मान खाली, "सुमिमासेन" म्हणजे "माफ करा", आणि उरलेलं दूध प्या. लगेच पळू नका, पळालात की तुम्ही फोटोपुरतेच आला होतात हे दिसतं. बरेचदा चेहरा नको असतो, काम दाखवायला हरकत नसते. तेव्हा "ते दाके?" असं विचारा. जपानीत "ते" म्हणजे हात, "दाके" म्हणजे फक्त.

कायद्याचं थोडक्यात: रस्त्यावर फोटो काढायला सरसकट मनाई नाही, पण स्वतःच्या प्रतिमेवर माणसाचा हक्क तिथली न्यायालयं मानतात. ओळखू येणारा चेहरा न विचारता नेटवर टाकलात तर तक्रार होऊ शकते. मी टाकत नाही.

५. हे काढूच नका

शाळेची मुलं, कितीही गोड दिसली तरी. सेंतो, म्हणजे सार्वजनिक स्नानगृह, त्याच्या दारातसुद्धा कॅमेरा नको. बाल्कन्यांतली वाळत घातलेली कपडे-गाद्यांची रांग छान दिसते, पण तुम्ही कुणाच्या तरी घरावर कॅमेरा रोखलेला असतो. ट्रेनच्या डब्यात समोर झोपलेला माणूस. आणि प्लॅटफॉर्मवर फ्लॅश, सेल्फी स्टिक किंवा पिवळ्या पट्टीपलीकडे पाऊल.

६. प्रिंट नेऊन द्या

ही पायरी सगळे गाळतात. जपानच्या कन्व्हीनियन्स स्टोअरमधल्या झेरॉक्स यंत्रावर फोनमधला फोटो छापता येतो, आपल्या चहाच्या किमतीत. "एल" आकार निवडा, ८९ बाय १२७ मिलिमीटर. तिथले अल्बम त्याच मापाचे असतात. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी जा आणि दोन्ही हातांनी द्या.

तोफूवाल्या आजींचे ते चार फोटो मी पुसून टाकले. पुढच्या फेरीत गेलो, दूध घेतलं, "ते दाके?" विचारलं. फक्त हातांचा एक फोटो मिळाला: बोटांवरून ओघळणारं पाणी आणि तळव्यावर चौकोनी लादी. प्रिंट दिली तेव्हा त्यांनी हात अॅप्रनला पुसले, बराच वेळ बघितली आणि तळलेल्या तोफूचं एक पाकीट माझ्या पिशवीत सारलं. आता ती प्रिंट गल्ल्याच्या वर टेपनं चिकटवलेली आहे, पाण्याच्या शिंतोड्यांनी एक कोपरा फुगलाय. कॅमेरा वर केला, की तळवा अजूनही चेहऱ्यासमोर हलतो.