मलावीत भुईमूग-तूर पेरताना जळगावचं वेळापत्रक बाजूला ठेवा

आपल्याकडे दिवाळी आटोपते तेव्हा मलावीत शेतकरी कुदळीने वरंबे ओढायला लागलेले असतात. तिथला पाऊस साधारण नोव्हेंबर ते एप्रिल, आणि वर्षातून एकदाच. रब्बीचा आधार बहुतेकांना नाही. तिथल्या छोट्या शेतकऱ्यांबरोबर काम करणाऱ्या, किंवा इथून बियाणं आणि सल्ला पाठवणाऱ्या मराठी मंडळींसाठी पेरणीआधी ध्यानात घ्यायच्या या काही गोष्टी.

पहिली गोष्ट वाणाची. जळगावच्या संशोधन केंद्राचा जेएल-२४, म्हणजे आपला फुले प्रगती, मलावीत २००० साली 'काकोमा' या नावाने प्रसारित झाला. उपटा (न पसरता उभा वाढणारा), लवकर येणारा, कमी पावसाच्या भागाला सोयीचा. पण तिथे त्याला गाठतो रोझेट, जो आपल्या शेतकऱ्याने कधी पाहिलेला नाही. हा विषाणूजन्य रोग आफ्रिकेतच आढळतो. मावा तो पसरवतो, झाड खुजं राहून गुच्छासारखं होतं, पानं पिवळी पडतात किंवा चुरगळून गडद होतात. लागण लवकर झाली तर शेंगा जवळजवळ धरतच नाहीत. काकोमा याला सहज बळी पडतो. जास्त उत्पन्नाचा, निमपसरा सीजी-७ सुद्धा पडतो. गावात मागच्या वर्षी रोझेट दिसला असेल तर लांब हंगामाच्या भागात 'न्सिंजिरो' घ्या, तो रोगाला दाद देत नाही. कमी दिवसांचं वाण हवं असेल तर 'बाका' घ्या, त्यावर मावाच फारसा टिकत नाही.

वाण बदलणं जमणार नसेल तर दोन उपाय बिनखर्चाचे आहेत. पेरणीच्या पहिल्या चांगल्या पावसावरच टोकणी उरका आणि नांगे, म्हणजे न उगवलेल्या जागा, ताबडतोब भरा. विरळ रानात उघडी जमीन दिसली की मावा तिथे जास्त उतरतो. अडचण अशी की त्याच पावसावर मका पेरायचा असतो, आणि घरचं पोट मक्यावर चालतं. भुईमूग मागे पडतो तो आळसाने नव्हे, हात कमी पडतात म्हणून. तेव्हा 'सगळा भुईमूग वेळेत पेरा' असं बजावण्यापेक्षा वेळेत पेरता येईल एवढंच क्षेत्र धरायला सांगणं मला शहाणपणाचं वाटतं.

अंतराचंही तसंच. आपली ३० बाय १० सेंटिमीटरची शिफारस बैलाची पाभर (पेरणीचं अवजार) चालवणाऱ्यासाठी आहे. तिथे बैल थोड्यांकडे, आणि वरंबे ७५ सेंटिमीटरवर हाताने ओढलेले. ते मोडायला सांगू नका. त्याच वरंब्यावर उपटं वाण १० आणि निमपसरं १५ सेंटिमीटरवर टोका, बियाणं पुरत असेल तर एकाऐवजी दोन ओळी घ्या.

त्यातच तूर बसवता येते. तिकडे तिला 'नांडोलो' म्हणतात. भुईमुगाबरोबर त्याच दिवशी, साधारण ९० सेंटिमीटरवर, एका ठिकाणी तीन दाणे. तूर सुरुवातीला रांगते, तोवर भुईमूग आपलं उरकून घेतो. तो निघाला की तूर मोकळ्या रानात वाढते. काढणीत तिची मुळं दुखावू नयेत एवढं जपा. पानगळ जमिनीत राहिली तर पुढच्या मक्याला फायदा होतो. मात्र तिथे पीक निघाल्यावर उंदीर पकडण्यासाठी पालापाचोळा पेटवतात. उंदीर खाल्लेही जातात, विकलेही जातात, त्यामुळे नुसतं 'जाळू नका' म्हणून भागत नाही. निदान तुरीच्या रानापुरतं गावाशी बोलून ठेवा.

शेळ्यांचंही आधीच विचारा. दक्षिणेत, मुलांजे-थ्योलोकडे, तूर जुनी आहे. मध्य भागात मका निघाला की शेळ्या मोकळ्या सुटतात आणि उभी तूर फस्त होते. तिथे मध्यम कालावधीचं वाण द्या, किंवा घराजवळचंच रान निवडा.

जिवाणू संवर्धनावर, म्हणजे मुळांवर गाठी धरणाऱ्या जिवाणूंच्या बियाण्याला चोळायच्या पाकिटावर, सरसकट पैसा घालू नका. भुईमूग, तूर, चवळी यांना तिथल्या जमिनीतले जिवाणू बहुधा पुरतात. सोयाबीनला मात्र, विशेषतः नव्या रानात, संवर्धन लावा. पाकीट उन्हात सायकलला बांधून आणलं तर त्यात काही जिवंत उरत नाही. सावलीत चोळा, त्याच दिवशी पेरा. फुलोऱ्याच्या सुमारास एक झाड उपटून मुळावरची गाठ चिरून बघा. आतून लालसर असेल तर जिवाणूंचं काम चालू आहे.

आता काढणीचं, कारण सगळी मेहनत इथे पाण्यात जाते, अक्षरशः. शेंगा हाताने फोडणं बहुतेक बायकांच्या वाट्याला येतं, आणि बोटं सोलवटतात म्हणून शेंगा भिजवून फोडतात. त्या ओलाव्यावर बुरशी येते आणि अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष तयार होतं. भिजवायला मना करण्याआधी हाताने फिरवायचं फोडणी यंत्र गटात आणा. आणि काढणीनंतर वाळवायला वेली 'मंडेला कॉक' पद्धतीने रचा: शेंगा आतल्या बाजूला, मध्ये हवेला पोकळी. पावसात पसरून वाळवण्यापेक्षा हे बरं.

शेवटी भाव. ऑगस्ट २०१७ मध्ये भारताने तूर आयातीवर वर्षाला २ लाख टनांची मर्यादा घातली आणि मलावी-मोझांबिकमध्ये भाव कोसळले. पुढे २०२१ मध्ये मलावीशी वर्षाला ५० हजार टनांचा पाच वर्षांचा करार झाला. दिल्लीतला एक कागद तिथलं घर हलवतो. म्हणून कुणाला तूर वाढवायला सांगण्याआधी घरात किती शिजते आणि जवळच्या बाजारात हिरव्या शेंगांना गिऱ्हाईक आहे का, ते विचारून घ्या.