टॅक्सिस: शब्द वापरताना या चुका टाळा

उजेड, रसायन अशा कशाच्या तरी दिशेने किंवा त्यापासून दूर सजीव स्वतः जागा सोडून जातो, त्याला जीवशास्त्रात टॅक्सिस आणि मराठीत अनुचलन म्हणतात. त्यातल्या ‘चलन’मुळे वाटतं, मूळ ग्रीक शब्दातही चालणं असणार. पहिली चूक इथेच होते. ग्रीक ‘तासेइन’ म्हणजे नीट लावणं, रांगेत उभं करणं, विशेषतः सैनिकांना. टॅक्सिस म्हणजे ती मांडणी, आणि मग ती पलटणसुद्धा. अथेन्समध्ये तिच्या नायकाला टॅक्सिआर्क म्हणत. टॅक्टिक्स, सिंटॅक्स, टॅक्सॉनॉमी ही सगळी याच घरातली. शरीराचा ताळमेळ सुटतो तो अटॅक्सियाही. हर्निया हाताने हलकेच दाबून जागेवर बसवण्याला शल्यचिकित्सक आजही टॅक्सिसच म्हणतात. ‘जागच्या जागी लावणं’ हा जुना अर्थ तिथे टिकून आहे. जीवशास्त्रातला चालीचा अर्थ 19व्या शतकाच्या उत्तरार्धातला.

पण शेपूट जुळली म्हणून सोयरीक जोडू नका. एपिस्टॅक्सिस म्हणजे घोळणा फुटणं. ते ‘थेंब थेंब गळणं’ या वेगळ्याच ग्रीक धातूवरून आलंय. रस्त्यावरची टॅक्सीही परकी, ती आकारणी या अर्थाच्या लॅटिन ‘टॅक्सा’वरून आली. इंग्रजीत टॅक्सिसचं अनेकवचन लिहिलं की ते हुबेहूब करांसारखं दिसतं, त्यामुळे नेटवर शोधताना आयकर समोर आला तर दचकू नका.

उत्तरपत्रिकेतली हमखास चूक वेगळी. कुंडीतलं रोप खिडकीकडे झुकलं, की लिहिलं ‘अनुचलन’! रोप जागचं हललं का? त्याची वाढ वळली, म्हणून ते अनुवर्तन, म्हणजे ट्रॉपिझम. युग्लीना ही एकपेशीय जीवजात पोहत उजेडाकडे जाते, ते अनुचलन. दोन्हींतला फरक फलनाच्या वेळी फार छान दिसतो. नेच्याच्या पुंयुग्मकांना (नर प्रजननपेशींना) मॅलिक आम्ल खेचून घेतं आणि ती पोहत जातात, हे वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म फेफर यांनी 1884 मध्ये दाखवलं. फुलात मात्र परागनलिका बीजांडाकडे वाढत जाते. पहिलं रसायन-अनुचलन, दुसरं रसायन-अनुवर्तन. लाजाळू यात कुठेच बसत नाही. कुठल्याही बाजूने शिवा, पानं एकाच रीतीने मिटतात, दिशेचा संबंधच नाही.

जिवाणू नाकासमोर सरळ अन्नाकडे जातो, असंही लिहू नका. ई. कोलाय हा जिवाणू साधारण सेकंदभर सरळ पोहतो, क्षणभर कोलांटी खातो आणि भलतीकडेच तोंड करून पुन्हा निघतो. अन्नाचं प्रमाण वाढतंय असं जाणवलं, की पुढची कोलांटी उशिरा खातो. एवढ्या भांडवलावर तो पोचतो! बर्ग आणि ब्राउन या शास्त्रज्ञांनी 1972 मध्ये एकेका जिवाणूचा सूक्ष्मदर्शकाखाली पाठलाग करून हे टिपलं.

आणि पतंग? ‘धन प्रकाश-अनुचलन’ (उजेडाच्या दिशेने जाणं) म्हटलं की आपण पटकन दिव्यावरचा पतंग पुढे करतो. हे उदाहरण आता जपून द्या. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, वेगवान कॅमेऱ्यांनी केलेल्या अभ्यासात दिसलं, की उडते कीटक पाठीची बाजू उजेडाकडे ठेवून उडतात. उघड्यावर उजेड आभाळाकडून येतो, त्यामुळे ही सवय त्यांना सरळ ठेवते. दिव्यापाशी मात्र वरची बाजू कुठली याचा अंदाज चुकतो आणि ते घिरट्या घालत राहतात.