पतंगाच्या मिशीचा सिग्नल सरकत होता, कारण निघालं चांदीच्या तारेत
रेशमाच्या नर पतंगाच्या मिशीवरून (अँटेनावरून) विजेच्या सिग्नलचं रेकॉर्डिंग करत होतो, म्हणजे मादीचा वास, बॉम्बिकॉल, सोडला की वास ओळखणाऱ्या सगळ्या नर्व्ह सेल्सचा मिळून सिग्नल काही मिलिव्होल्टने खाली यायला हवा, पण इथे बेसलाइनच, म्हणजे वास नसतानाची रेषा, सारखी सरकत होती. वाटलं मिशी सुकली, नवी लावली, तेच. घरच्या विजेची ५० हर्ट्झची घरघर पण सिग्नलमध्ये होती, ती सगळे अर्थिंग एकाच पॉइंटला जोडल्यावर गेली. मग सिग्नल घेणारी चांदीची तार (इलेक्ट्रोड) नीट बघितली तर टोक चकचकीत, म्हणजे तिचं व्होल्टेज स्थिर ठेवणारा सिल्व्हर क्लोराइडचा थर उडालेला! घासून ब्लीचमध्ये अर्धा तास बुडवली, काळपट जांभळी झाली, धुवून परत लावली. बेसलाइन सरळ! वासाचा पफ दिला आणि स्क्रीनवर तो खड्डा पडला, झटकन खाली जाणारा, हळूहळू वर येणारा, बघतच राहिलो.