भारतीय सिंगल माल्ट चाखताना आणि सुचवताना: या चुका टाळा

अमृत, पॉल जॉन, रामपूर, इंद्री या भारतीय सिंगल माल्ट, म्हणजे एकाच डिस्टिलरीत फक्त मोड आणलेल्या बार्लीपासून केलेल्या व्हिस्की. ही नावं आता ठाण्या-वाशीच्या वाईन शॉपमध्ये स्कॉचच्या शेजारच्या फळीवर सहज दिसतात. चार आकडी पैसे मोजून बाटली घरी येते, शनिवारी मंडळी बसतात, सोबतीला शेजवान लावलेलं चिकन लॉलीपॉप असतं. निम्मा ग्लास सोड्याने भरतो आणि दुसऱ्या पेगला कोणीतरी म्हणतं, "एवढा काय फरक आहे रे नेहमीच्यात?" फरक असतो, आपणच तो कळू देत नाही.

सुरुवात तापमानापासून. परदेशी लेखांत व्हिस्की 'रूम टेंपरेचर'ला प्या असं लिहिलेलं असतं. त्यांची रूम असते 18-20 अंशांची. मे महिन्यात घोडबंदर रोडवरच्या पश्चिमेकडच्या फ्लॅटमध्ये संध्याकाळी सातलाही शोकेसमधली बाटली कोमट लागते. अशी व्हिस्की ग्लासात ओतली की आधी अल्कोहोल उसळतं, नाकात झिणझिण्या येतात आणि 'फार कडक आहे' असा शिक्का बसतो. बाटली पंधरा-वीस मिनिटं फ्रीजच्या दारात ठेवा, किंवा तासभर आधी एसीच्या खोलीत आणा. लगेच बर्फ टाकू नका, थंडीने वास दबतो आणि चाखण्याचा बराचसा भाग वासाचाच असतो.

ग्लासही बघा. रुंद तोंडाच्या ग्लासातून वास पसरून जातो. खास ग्लास नसेल तर वर निमुळता होणारा साधा वाईनचा ग्लास चालतो. त्यात 15-20 मिली ओता, ग्लास हनुवटीपाशी धरून हळूहळू वर आणा, तोंड किंचित उघडं ठेवा. नाक आत खुपसून जोरात हुंगलं तर नंतरची काही मिनिटं फक्त स्पिरिट जाणवतं.

पाण्याला घाबरू नका. बऱ्याच भारतीय सिंगल माल्ट 46 टक्के अल्कोहोलच्या आहेत, अमृत फ्यूजन तर 50 टक्क्यांची. नेहमीच्या ब्रँडवर 42.8 असतं, त्यामुळे पहिला घोट जड जाणारच. चमच्याने थोडं थोडं पाणी घाला आणि दर वेळी पुन्हा वास घ्या. फक्त थेट नळाचं पाणी नको, क्लोरीनचा वास पटकन चढतो.

पाणी किंवा बर्फ पडल्यावर व्हिस्की ढगाळ झाली म्हणून 'डुप्लिकेट आहे' असा गलका मी ऐकलाय. थंड करून गाळलेली नसलेली व्हिस्की पातळ किंवा गार झाली की त्यातले तेलकट घटक वर दिसू लागतात. त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

चकणा व्हिस्की चाखून झाल्यावरच. मिरची आणि लसूण आधी जिभेवर बसले की पुढचं सगळं एकाच चवीचं लागतं. तोवर खारे नसलेले बदाम, नुसता पाव, पाणी. दोन-तीन बाटल्या असतील तर क्रम हलक्या चवीकडून धुराच्या चवीकडे ठेवा: पॉल जॉन ब्रिलियन्स, मग इंद्री, मग फ्यूजन, शेवटी पॉल जॉन बोल्ड. उलटं केलंत तर बोल्डचा पीटचा (बार्ली सुकवताना जाळलेल्या दलदलीतल्या मातीचा) धूर तोंडात राहतो आणि ब्रिलियन्स पाणचट वाटते.

आता सर्वांत हट्टी गैरसमज. "बारा वर्षांची आहे का?" हा प्रश्न काउंटरवर हमखास येतो. व्हिस्की लाकडी पिंपात मुरते, आणि स्कॉटलंडमध्ये त्या पिंपातून वर्षाला साधारण 2 टक्के व्हिस्की उडून जाते. बंगळूरला अमृतच्या गोदामात हेच प्रमाण 10 ते 12 टक्क्यांपर्यंत जातं. म्हणजे बारा वर्षं थांबलं तर पिंपात जेमतेम पाव हिस्सा उरेल. उष्णतेमुळे लाकडाची चवही व्हिस्कीत फार लवकर उतरते, चार-पाच वर्षांतच व्हॅनिला, गूळ, सुकामेवा असं सगळं येतं, आणि जास्त ठेवलं तर लाकडाचा कडवटपणा. म्हणून आपल्या बहुतेक बाटल्यांवर वय नसतं. अमृतने 2004 मध्ये ग्लासगोत सिंगल माल्ट उतरवली तेव्हाही वय छापलेलं नव्हतं, आणि पुढे व्हिस्की समीक्षक जिम मरेने 2010 च्या आपल्या 'व्हिस्की बायबल' या पुस्तकात फ्यूजनला 97 गुण देऊन जगात तिसरं स्थान दिलं. रंगावरही जाऊ नका, गडद रंग कॅरॅमल घालूनही येतो.

पुरस्कारांचं तसंच. 2023 मध्ये इंद्रीला 'बेस्ट इन शो' मिळाल्याची बातमी घरोघरी फिरली. तो मान दिवाळी कलेक्टर्स एडिशनला होता, दुकानात सहज मिळणाऱ्या इंद्री त्रिनीला नाही. त्रिनी वेगळी बाटली आहे: आधी बर्बन (अमेरिकन व्हिस्की), फ्रेंच वाईन आणि पीएक्स शेरी (गोड स्पॅनिश वाईन) ठेवलेल्या तीन प्रकारच्या पिंपांतली. चांगली आहे, पण 'जगात पहिली' म्हणून सुचवलीत तर ऐकणारा भलतीच अपेक्षा धरून बसेल.

सुचवण्यातली खरी चूक म्हणजे आपल्याला आवडलेलीच बाटली पुढे करणं. "दादा, सासऱ्यांना द्यायचीय, कुठली घेऊ?" असं कोणी विचारलं तर आधी विचारा: ते काय घेतात, सोड्यात की पाण्यात, धुराचा वास चालतो का? आयुष्यभर ब्लेंडेड आणि सोडा घेतलेल्या माणसाला पीटवाली दिली तर तो 'दवाखान्यासारखी लागते' म्हणून बाटली कपाटात टाकेल. त्यांना ब्रिलियन्स किंवा इंद्री बरी. शक्य असेल तर आधी बारमध्ये 30 मिली घेऊन बघू द्या.

चव सांगताना हेदर, टॉफी, ख्रिसमस केक असले उसने शब्द कशाला? तुर्भ्याच्या एपीएमसी मसाला मार्केटमध्ये एक सकाळ फिरा. लवंग, दालचिनी, जायफळ, खारीक, मनुका वेगवेगळे हुंगून पाहा. पुढच्या ग्लासात यातलं काहीतरी ओळखीचं निघेल, आणि 'मनुका आणि लवंग' म्हटलं की समोरच्यालाही लगेच कळतं.

बाटली उभी ठेवा, खिडकीपासून लांब. आडवी ठेवली तर बूच भिजून खराब होतं. निम्म्याखाली गेली की महिनोनमहिने राखू नका, हवेने चव उतरते.

आणि गोव्याहून स्वस्तात बाटल्या भरून आणायचा मोह. गोव्यात विक्रीसाठीची दारू परवान्याशिवाय महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे आणि गोव्याच्या हद्दीजवळच्या इन्सुलीच्या तपासणी नाक्यावर गाड्या उघडून बघतात. आपल्याकडे मद्य घ्यायला आणि जवळ ठेवायलाही परवाना लागतो, कडक मद्यासाठी वयाची अट 25. रोजचा, वर्षाचा आणि आजीवन असे परवाने मिळतात. नेहमी बसणाऱ्याने आजीवन काढून ठेवावा.