गोगोनाससचा गोटा आम्लातून कसा सोडवायचा

गोगोनासस हा सुमारे ३८ कोटी वर्षांपूर्वीचा, मांसल परांचा मासा. पश्चिम ऑस्ट्रेलियात किंबर्लीतल्या गोगो भागात चुनखडीच्या गोट्यांत त्याची हाडं न चेपता राहिली आहेत. इतका नाजूक ऐवज छिन्नीने कोरू नये. हाड कॅल्शियम फॉस्फेटचं, दगड कॅल्शियम कार्बोनेटचा. सौम्य असेटिक ॲसिड दगड विरघळवतं, हाड जवळपास तसंच ठेवतं.

हातोडीने फुटलेल्या गोट्याचे तुकडे आधी इपॉक्सीने जोडून घ्या. उघड्या हाडावर ॲसिटोनमध्ये विरघळवलेल्या पॅरालॉइड बी-७२चे (हाड घट्ट धरणारी ॲक्रिलिक राळ) दोन पातळ हात द्या. हाड ओलं असेल तर लेप पांढरा पडतो. जाड लेप सुटतो आणि त्याखाली आम्ल अडकतं. दगडावर लेप सांडला तर ॲसिटोनने पुसा, नाहीतर तेवढा दगड विरघळणारच नाही.

१० लिटर द्रावणासाठी प्लास्टिकच्या टबात ९ लिटर पाणी घेऊन त्यात १ लिटर ग्लेशियल (म्हणजे जवळपास शुद्ध) असेटिक ॲसिड हळूहळू ओता. पाणी ॲसिडमध्ये ओतू नका. वर १० ग्रॅम ट्रायकॅल्शियम फॉस्फेट. ते विसरलात तर आम्ल हाडातलं फॉस्फेट ओढतं आणि हाड खडूसारखं भुसभुशीत होतं. वाफा ओढून घेणारं फ्यूम हूड, गॉगल आणि हातमोजे हवेतच. तीव्र ॲसिडजवळ ज्योत नको.

पहिल्यांदा गोटा एकच दिवस बुडवा. मग तीन दिवस पाण्यात ठेवून पाणी बदलत राहा. सगळ्यात जास्त नुकसान इथल्या घाईने होतं: उरलेलं कॅल्शियम असेटेट वाळताना स्फटिक होऊन फुगतं आणि हाड आतून तडकतं. वाळवतानाही ऊन किंवा हीटर नको, सावलीतच. नव्याने दिसलेल्या हाडाला लेप द्या आणि पुन्हा बुडवा. अशा फेऱ्यांत महिने जातात, ते जाऊ द्यावेत. कवटीच्या मागच्या बाजूला, दोन्हीकडे, श्वासरंध्राच्या मोठ्या खाचा आहेत. तिथल्या कडा उघड्या पडू लागल्या की फेरी काही तासांवर आणा.

तळाचा गाळ बारीक चाळणीतून धुऊन भिंगाखाली बघा. सुटे दात आणि खवले त्यातच असतात. जीवाश्मतज्ज्ञ जॉन लाँग यांनी १९८५ मध्ये या प्रजातीचं नाव ठेवलं ते फक्त मुस्कटाच्या तुकड्यावरून. ‘नासस’ म्हणजे नाकच.