अंग दुखत असताना ड्रेडलॉक्स कसे वाढवायचे: ज्यांचा हात वर राहत नाही त्यांच्यासाठी

केस विंचरताना हात डोक्याच्या वर किती वेळ राहतो हे ज्याला काही दुखत नाही त्याने कधी मोजलेलं नसतं. मी मोजलंय. साडेतीन मिनिटं. त्यानंतर उजव्या खांद्यातून कोपरापर्यंत ठणका सुरू व्हायचा आणि वेणी अर्धीच राहायची, मग नवऱ्याला हाक मारायची नाहीतर तशीच अर्धी वेणी पदराआड टाकून ऑफिसच्या कॉलला बसायचं. मला फायब्रोमायल्जिया आहे, म्हणजे अंगभर स्नायू दुखत राहण्याचा आजार, आणि जोडीला मान, म्हणजे आपण सगळे ज्याला नुसतं सर्व्हायकल म्हणतो ते. तीन महिन्यांच्या वर टिकलेल्या दुखण्याला डॉक्टर क्रॉनिक पेन म्हणतात, माझं नववं वर्ष चालू आहे. त्यातली शेवटची तीन वर्षं डोक्यावर ड्रेडलॉक्स आहेत, म्हणजे केस मुद्दाम गुंतवून केलेल्या दोरीसारख्या बटा, नुसतं लॉक्स म्हटलं तरी चालतं, आणि ते वाढवताना मला जे कोणी सांगितलं नाही ते इथे लिहितेय.

सगळ्यात आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. आपण हे करतोय ते रोज डोक्यावर हात न्यायचं काम कमी व्हावं म्हणून. पुढे कुठेही अडलात, किती जाड करू, किती लांब ठेवू, किती घट्ट करू, तर हाच प्रश्न विचारायचा की याने माझ्या हाताचं आणि मानेचं काम कमी होतंय का वाढतंय. वाढत असेल तर ते सोडून द्यायचं, कितीही छान दिसत असलं तरी.

घरच्यांशी बोलणं, कारण जटेचा विषय निघणारच

आपल्याकडे गुंतलेले केस म्हटलं की लोकांच्या डोळ्यापुढे जट येते. माझ्या सासूबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, "अगं पण ही जट नाही ना व्हायची?" आणि त्यांचं विचारणं चूक नव्हतं. माझ्या आजोळी एक बाई होत्या, त्यांच्या डोक्यात एक जट होती, मनगटाएवढी जाड आणि कमरेच्या खाली. यल्लम्माची म्हणून कोणी हात लावायचं नाही, कापायची तर गोष्टच नको. त्या झोपताना जटेखाली जुन्या लुगड्याची घडी ठेवायच्या कारण तिच्या ओढीने मान एका बाजूला जायची, आणि मला लहानपणी वाटायचं की त्यांची मान जन्मतःच वाकडी आहे. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते, १९८९ साली डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी सुरू केलेली तीच समिती, वर्षानुवर्षं अशा बायकांशी बोलून, त्यांच्या मनातली भीती घालवून जटा कापून देतायत, आणि जट गेल्यावर बायका आधी मान हलकी झाली हेच सांगतात.

म्हणून मी घरी स्पष्ट सांगितलं की जट आपोआप होते, एकच मोठा गोळा होतो, भीतीपोटी धुतली जात नाही आणि कापताही येत नाही. माझे लॉक्स वेगवेगळे असणार, दर आठवड्याला धुणार, आणि ज्या दिवशी मानेला जड होतील त्या दिवशी कात्री लावणार. हे तिसरं वाक्य स्वतःलाही सांगून ठेवा. दुखणं असलेल्या माणसाने कापायचा हक्क पहिल्या दिवसापासून हातात ठेवायचा.

डॉक्टरांना दोन प्रश्न

एक म्हणजे तुमच्या गोळ्यांनी केस गळतात का. आमवातासाठी देतात त्या मेथोट्रेक्सेटसारख्या गोळीने काही जणांचे केस विरळ होतात, आणि विरळ केसांच्या मुळावर लॉकचं वजन टाकणं बरं नाही, त्यामुळे नवीन गोळी चालू झाली असेल तर काही महिने थांबून केस कसे राहतात ते बघा. दुसरं म्हणजे मानेवर थोडं वजन चालेल का. हाताला मुंग्या येत असतील, बोटं बधिर होत असतील, हातातून वस्तू सुटत असतील तर आधी मानेचा इलाज, केस नंतर.

आणि टाळू स्वतःच तपासा. फायब्रोमायल्जिया आणि मायग्रेन असणाऱ्यांची टाळू पुष्कळदा इतकी हुळहुळी असते की उशीचा स्पर्शही सहन होत नाही. एक साधी परीक्षा करा: मागच्या बाजूला चार छोट्या वेण्या घालून तीन दिवस तशाच ठेवा. तिसऱ्या दिवशीही ती जागा ठसठसत असेल तर सध्या नको.

पद्धत कोणती

लॉक्सचे बरेचसे व्हिडिओ आफ्रिकन वळणाच्या केसांसाठी असतात, त्यांचे केस नुसते पिळले तरी धरून ठेवतात. जमैकात १९३० च्या दशकात रास्ताफारी पंथ उभा राहिला, पुढे त्या लोकांनी लॉक्स जगभर पोचवले, ती त्यांच्या श्रद्धेची गोष्ट आहे आणि त्याचा मान ठेवायला हवा, पण व्हिडिओतली जेल लावून पिळायची रीत आपल्या सरळ किंवा लाटांच्या केसांवर दोन दिवसात सुटते. आपल्या केसांना चालते ती बॅककोंबिंग आणि क्रोशा, म्हणजे बट धरून कंगवा टोकाकडून मुळाकडे उलटा चालवायचा, गुंता झाला की बारीक क्रोशाच्या सुईने बाहेरचे केस आत ओढून घ्यायचे. सुई ०.५ किंवा ०.६ मिमीची, स्टीलची. मेण अजिबात नको, ते आत बसलं की निघत नाही, धूळ धरतं आणि लॉक वाळू देत नाही.

एका बैठकीत करू नका

माझी पहिली चूक इथे झाली. एका पार्लरमध्ये गेले, त्यांनी सहा तासात सगळं डोकं करून देतो म्हणून सांगितलं, मला पण वाटलं एकदाचं होऊन जाईल. दोन तासांनी मान आखडली, मी सांगितलं तर म्हणाले थोडंच राहिलंय ताई. मुळं इतकी घट्ट धरली होती की भुवया वर ओढल्यासारख्या वाटत होत्या. त्या रात्री डोकं कुठल्याच बाजूला टेकवता येईना आणि पुढचे चार दिवस मी अंथरुणात होते. पाचव्या दिवशी निम्मे लॉक्स कंडिशनर लावून सोडवले.

दुसऱ्यांदा घरी केलं, माझ्या मोठ्या जाऊबाईंकडून. त्यांनी स्वतःच्या लग्नात रुखवताला क्रोशाचे रुमाल आणि तोरण विणलेलं, सुईवरचा हात इतका हलका की मला कळतही नव्हतं. हिशोब असा बसवला: साधारण एक इंच बाय एक इंचाचा चौकोन, डोक्यावर ४५ बटा झाल्या, दिवसाला तीन. म्हणजे पंधरा दिवस. तीन बटांना पाऊण तास लागायचा, दर पंधरा मिनिटांनी मोबाईलचा अलार्म, अलार्म वाजला की बट अर्धी असली तरी थांबायचं, उठायचं, खांदे फिरवायचे. ज्या दिवशी दुखणं उसळलं त्या दिवशी सुट्टी, आमचे पंधराचे बावीस दिवस झाले आणि काही बिघडलं नाही, बाकीचे केस तोवर सैल बांधून ठेवायचे.

बसायची पद्धत पण सांगते. पाठ टेकलेली, समोर टेबलावर दोन उशा आणि त्यावर कपाळ किंवा हात, म्हणजे मान स्वतःच्या जोरावर धरावी लागत नाही. मागून सुरुवात करा, कारण मागचे बिघडले तरी दिसत नाहीत आणि करणाऱ्याचा हात बसतो.

मुळाशी बोटाच्या पेराएवढी जागा मोकळी ठेवायची. लॉक बाजूला वळवल्यावर कातडी उचलली जात असेल, मुळाशी पांढरट बारीक फोड दिसत असतील किंवा दुसऱ्या दिवशी सकाळीही ठणकत असेल तर घट्ट झालंय, लगेच सैल करा. कपाळाच्या आणि कानाच्या कडेचे केस सतत ओढले गेले तर कायमचे जाऊ शकतात.

जाडी करंगळीएवढी बरी. त्याहून बारीक केले तर संख्या वाढते आणि पुढे प्रत्येकाची मुळं बघत बसावं लागतं, जाड केले तर आतून वाळत नाहीत.

एकटे राहत असाल आणि कोणीच करणारं नसेल तर पुढच्या आणि बाजूच्या बटा टेबलावर कोपर टेकवून स्वतः करता येतात. सुईला सायकलच्या हँडलचं रबर किंवा नुसती जुन्या सुती कापडाची जाड पट्टी गुंडाळा, पकड मोठी झाली की बोटांचे सांधे कमी दुखतात. मागच्यांसाठी मात्र कोणाला तरी बोलवा, तिथे हट्ट करू नका.

धुणं

लॉक्स धुवायचे नसतात हे साफ खोटं आहे. आठवड्यातून एकदा, आणि सकाळी. पार्लरसारखं मान मागे टाकून बेसिनवर नको, सर्व्हायकलवाल्यांना ते फार वाईट. बाथरूममध्ये प्लास्टिकचं स्टूल, हँड शॉवर, आणि सॉसच्या पिचकारीच्या बाटलीत पाण्यात कालवलेला साधा, पारदर्शक शाम्पू. बाटलीचं तोंड दोन लॉक्सच्या मधल्या टाळूवर टेकवायचं, दाबायचं, बोटाच्या पेराने हळू चोळायचं, तीन-तीन मिनिटांनी हात खाली. शिकेकाईची पूड नको, ती आत अडकून बसते आणि महिन्यांनी करकरते.

धुतल्याबरोबर, ओले असतानाच, शेजारशेजारचे लॉक्स मुळाशी बोटांनी वेगळे करायचे. हेच काम चुकवलं तर दोनाचा एक होतो, मग चाराचा एक, आणि मग ती जटच. माझा हात ज्या आठवड्यात चालत नाही त्या आठवड्यात जाऊबाई किंवा माझी लेक करते, ती टीव्ही बघत बघत करते, दहा मिनिटं लागतात.

पिळून काढायला मनगटात जोर नसेल तर जुना सुती पंचा घ्या, थोडे थोडे लॉक्स त्यात ठेवून मांडीवर तळहाताने दाबा. मग पंखा, मग ड्रायर गार हवेवर. पावसाळ्यात पुण्यातसुद्धा सकाळी धुतलेले संध्याकाळपर्यंत आतून दमट राहतात, कोकणात आणि मुंबईत तर दुसरा दिवस उजाडतो, आणि दमट लॉकला बुरशीचा ओल्या गोणपाटासारखा वास लागला की तो जात नाही. आमवातासाठी प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या चालू असतील तर टाळूवर खाज, पुटकुळ्या, खपली दिसताच दाखवून घ्या, आठवडाभर वाट बघू नका.

तेल आणि मलम

केसांना तेल नको, गुंता धरायच्या आत सुटतो. अडचण असते ती मानेला लावायच्या महानारायण तेलाची आणि बामची, रात्री चोळून झोपलात की सकाळी मागच्या लॉक्सनी ते पिऊन टाकलेलं असतं. मागचे लॉक्स वर घेऊन सुती कापडात गुंडाळायचे, तेल लावायचं, अर्ध्या तासाने मान कोमट ओल्या फडक्याने पुसून मगच लॉक्स खाली सोडायचे. मी हे सहा महिने केलं नव्हतं, मागच्या तीन लॉक्सना अजून ओव्याचा वास येतो.

झोप, हेल्मेट, एमआरआय

पहिले दोन-तीन महिने लॉक्स टणक असतात आणि टोचतात. उशीला सॅटिनचा अभ्रा, आणि लॉक्स उशीच्या वरच्या बाजूला टाकायचे, मानेखाली एकसुद्धा नको, नाहीतर मान रात्रभर तिरकी राहते.

वर उंच अंबाडा बांधू नका, तासाभरात डोकं दुखायला लागतं. मानेजवळ, सैल, जुन्या टीशर्टच्या पट्टीने. हेल्मेट घालत असाल तर टाळूच्या मध्यावरचे लॉक्स सपाट पसरवून बघा, हेल्मेट पूर्वीसारखं खाली बसलंच पाहिजे. बसत नसेल तर मधले चार-पाच लॉक्स आखूड करा.

धातूच्या रिंगा आणि मणी घालू नका. आपल्यासारख्यांना एमआरआय कधी सांगतील याचा नेम नसतो, आणि तिथे डोक्यातला सगळा धातू काढावा लागतो, सुजलेल्या बोटांनी पंचेचाळीस लॉक्स चाचपत बसणं मला एकदा करावं लागलंय. लाकडी मणी किंवा रंगीत दोरा घ्या.

पुढची देखभाल आणि लांबी

सरळ केसांची मुळं वाढतात तशी सैल राहतात, केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात आणि तेवढा भाग मऊ दिसतो. बघून बघून सुई घ्यावीशी वाटते, घेऊ नका, सारखी सुई चालवली की केस आतून तुटतात. दीड-दोन महिन्यांनी एकदा, तेही दिवसाला चार-पाच लॉक्स. मधल्या काळात टीव्ही बघताना हाताला येतील ते लॉक्स तळहातांमध्ये वळत राहा, वातीसारखे, हात छातीसमोर ठेवूनच. रोज गळणारे पन्नास-शंभर केस आता आतच राहतात म्हणून लॉक वर्षभरात भरतो, आखूडही होतो. पुरता घट्ट व्हायला एक-दीड वर्ष धरा, आणि पहिलं वर्ष काम कमी होतंय असं वाटणार नाही हे आधीच माहीत असू दे. माझं ते दुसऱ्या वर्षी जाणवलं, एका सकाळी उठले, पट्टी बांधली आणि ऑफिसच्या कॉलला बसले, खांदा गप्प होता.

लांबी खांद्यापर्यंत, फार तर त्याखाली चार बोटं. कापताना आधी दोऱ्याने घट्ट बांधून दोऱ्याच्या खाली कात्री, मग टोक सुईने आत वळवून घ्यायचं. गेल्या महिन्यात जाऊबाईंनी माझे सगळे लॉक्स चार बोटं कमी केले, मी ते तुकडे किचनच्या वजनकाट्यावर ठेवले, मग पाण्यात बुडवून, निथळून परत ठेवले, तर काटा दुपटीच्या पुढे गेला. सासूबाई बाजूला उभ्या होत्या, त्यांनी एक ओला तुकडा उचलून तळहातावर तोलला आणि म्हणाल्या, "एवढं मानेवर होतं होय गं." मग कात्री धुऊन पुसून माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवून दिली.