जुन्या गाडीची पॉवर विंडो अडली तर

दाराचे पॅनेल खोलण्याआधी बटण दाबून नीट कान द्यावा. मोटर घरघरत असूनही काच हलत नसेल, तर बहुधा रेग्युलेटरची (काच वर-खाली नेणाऱ्या यंत्रणेची) तार तुटलेली असते. आवाजच नसेल, तर आधी फ्यूज, मग स्विच आणि दार व बॉडी यांच्यामधल्या रबरी नळीतील वायर तपासावी, कारण वर्षानुवर्षे दाराची उघडझाप होऊन ती नेमकी तिथेच, वरचे आवरण शाबूत राहून आतून तुटते. बटण दाबताना मोटरच्या कनेक्टरवर मल्टिमीटरने सुमारे १२ व्होल्ट दाखवले, तर दोष बहुधा मोटरचाच समजावा. काच नुसतीच संथ चढत असेल, तर मात्र काहीही बदलण्याची घाई करू नये. कडेच्या रबरी खाचेतील धूळ पुसून सिलिकॉन स्प्रे मारावा. रेग्युलेटर सोडवण्यापूर्वी काच चौकटीला टेपने घट्ट बांधावी, नाहीतर ती सरळ दारात कोसळते.